डाग दिलेला डबा

घोंगडे वस्तीच्या विहिरीत मी पोहायला शिकले
शेंगतेलाच्या डब्यावर.
पंधरा किलोचा. तीनदा राखेनं घासला तरी वास गेला नाही,
एका अंगाला अर्धा मोर, उरलेला मोर गंजाखाली.

बाशामामूनं तोंडावर पत्र्याची चकती ठेवली,
नवसागर चुरचुरला,
कथलाचा एक थेंब कडेकडेनं पळत जाऊन
आपल्याच शेपटीला भेटला.
मग डबा कानाशी धरून हलवला मामूनं,
कलिंगड ऐकतात तसा.

"आत काय?"
हवा, मी म्हणाले.
"आणि ती उचलते तुला?"
हो म्हणाले. दहा वर्षांची होते,
सगळ्याला हो म्हणायचे.

मामूनं तसलाच दुसरा डबा काढला,
कातरीखालचा किस, खिळे, तुटके बिजागर
दाबून दाबून भरले आत, दिला डाग.
शेजारच्या रंगखान्याच्या हौदात सोडला.
निळ्या पाण्यानं बुडुक म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत.
"याचंही तोंड बंद आहे. हा का गेला?"

मग चाचीचा ओरडा खात
घरातला भरलेला, न फोडलेला तेलाचा डबा आणला.
हा तर जाणारच, मी म्हणाले.
गेला, घुटमळला,
आणि वर आला! बोटभर पत्रा पाण्याबाहेर,
बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा.

"डबा जेवढी जागा खातो ना,
तेवढं पाणी उठून बाजूला उभं राहतं.
सोळा-सतरा किलो पाणी. ते सारखं परत यायला बघतं
आपल्या जागेवर.
डबा त्याहून हलका, तर पाणी जिंकतं.
भारी, तर डबा.
हवेचं काय घेऊन बसलीस?
आणि तोंड बंद करायचं ते एवढ्यासाठी,
की हिशेब मध्येच बदलू नये."

त्या साली गिरणीनं नायनाला घरी बसवलं होतं.
सहा महिने तोंड मिटून
भिंतीला टेकलेला माणूस.
अम्मा विड्या वळता वळता त्याच्याकडे बघायची,
पान कातरायची, पुन्हा बघायची.
आत काय भरलंय, हवा का किस,
कानाशी धरून हलवता येत नव्हतं.

विहिरीवर दोर धरायला मात्र यायचा.
पायरीवर बसायचा, दोर मनगटाला गुंडाळून,
माझ्याकडे नाही, पाण्याकडे बघत.

विसाव्या दिवशी मी पलीकडच्या कपारीला हात लावून आले.
मागे बुडबुडे येत होते, वाटलं माझेच.
डबा पाठीवर होता की नव्हता,
खरंच आठवत नाही.

पायरी चढले आणि
कुणीतरी मागून कमरेला धरून खेचलं.
दोरी पोटात रुतली. एक पाय वर, एक पाण्यात,
ना पुढं ना मागं.
डबा गच्च भरला होता. पाण्यात होता तोवर
आतल्या पाण्याला वजनच नव्हतं,
पायरीवर आल्याबरोबर सतरा किलो झालं.

म्हणजे मघाशी कशावर तरंगत होते मी?

नायना दोन पायऱ्या उतरला,
गाठ सोडली, डबा आडवा केला,
बोटानं कड चाचपली.
मोराच्या मानेपाशी कथील उचललं होतं,
नखाएवढं.

"कारुतुंदी," म्हणाला.
गळतंय.
सहा महिन्यांनी घशातून निघालेला शब्द,
गंजाचा तांबूस थर असलेला.

मग डबा उलटा धरून
त्या नखाएवढ्या फटीतून
पाणी जाईपर्यंत उभा राहिला.
फार वेळ लागला. एक घोट पाणी बाहेर,
एक घोट हवा आत,
गुळुक, गुळुक,
आणि आम्ही दोघं ऐकत.

संध्याकाळी डबा काखेत मारून
डाग द्यायला म्हणून गेला बाशामामूकडे.
दहा मिनिटांचं काम.
अम्मानं भाकरी झाकून ठेवली,
रात्री अकराला पुन्हा गरम केली.